मंडळी परत आली, पण सगळी नाही

पत्र

आमचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एकदा जमायचं, कुणी कविता वाचायच्या, कुणी गायचं, कुणी नवं लिहिलेलं ऐकवायचं, असा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता. टाळेबंदीत आम्ही हे सगळं ऑनलाइन केलं आणि ध्यानीमनी नसताना गट वाढला. अंथरुणाला खिळलेल्या आईमुळे कधीच बाहेर न पडू शकणाऱ्या एक बाई दर वेळी हजर राहू लागल्या. कमी ऐकू येणारे एक जुने सदस्य पडद्यावर उमटणारी अक्षरं वाचून पहिल्यांदाच चर्चेत बोलले. मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेली एक मुलगी तर इतकं सुंदर गायची! मग सगळं खुलं झालं, आम्ही पुन्हा सभागृहात जमू लागलो आणि ही मंडळी एकेक करून दिसेनाशी झाली. ती गाणारी मुलगी एकदा मास्क लावून आली होती, तेव्हा कुणीतरी हसत म्हणालं, "अजून घाबरतेस होय?" त्यानंतर ती आलीच नाही. मी विषय काढला की समितीतले लोक म्हणतात, "ऑनलाइन केलं की रंगत जाते, आपल्याकडे पैसे नाहीत, आणि दार तर सगळ्यांना उघडंच आहे." मला हे पटत नाही, पण नेमकं काय करावं तेही सुचत नाही.

– एक संयोजक

उत्तर

सप्रेम नमस्कार,

आधी तुमच्या समितीचं म्हणणं घेते. 'दार सगळ्यांना उघडंच आहे' असं म्हणणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. त्यांनी खरोखरच कुणाला अडवलेलं नसतं. पण कार्यक्रमाला जायचं की नाही हे दारात ठरत नाही, ते दोन-तीन दिवस आधी घरीच ठरतं. आईजवळ कोण थांबेल? तिथे मला ऐकू येईल का? जिना असला तर? मध्येच थकवा आला तर उठून जाता येईल का, की सगळे वळून बघतील? खिडक्या उघड्या असतील की बंद? या प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत की माणूस मुकाट्याने 'या वेळी राहू दे' म्हणतो. असं तीन-चारदा झालं की त्याचं विचारणंही थांबतं. तुमच्याकडे कुणी तक्रार केली नाही ती अडचण नव्हती म्हणून नाही. ज्यांना अडचण होती ते तक्रार करायला तिथे नव्हतेच.

टाळेबंदीत हे सगळे प्रश्न एका फटक्यात गळून पडले, कारण तेव्हा आपण सगळेच घरात अडकलो होतो. कार्यक्रमाची आखणी नाइलाजाने का होईना, घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसाला धरून झाली होती. पुढे ज्यांना बाहेर पडता आलं ते पडले आणि आखणीही त्यांच्यामागोमाग गेली. म्हणून 'ऑनलाइन ठेवायचं की बंद करायचं' या वादात अडकू नका. घरी बसून निर्णय घेणाऱ्या माणसाला आपण आधी काय काय सांगतो आणि सांगितलेलं किती पाळतो, इथून सुरुवात करा. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

पहिलं काम फोनचं. तिघांनाही वेगवेगळा फोन करा, गटावर एकच संदेश टाकून मोकळे होऊ नका. "तुम्ही हल्ली का येत नाही?" असं विचारू नका, त्यात जाब विचारल्याचा सूर येतो. "तुम्हाला यायचं झालं तर तिथे काय काय असायला हवं?" असं विचारा. उत्तर आलं की लगेच "हो, करू की" म्हणूनही टाकू नका. लिहून घ्या, समितीशी बोला आणि काय जमेल ते थोड्याच दिवसांत कळवा. जे जमणार नाही तेही स्पष्ट कळवा. या माणसांनी 'बघू या काहीतरी' हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्यावर त्यांचा विश्वास उरलेला नसतो. 'रॅम्पची सोय होणार नाही, पण आम्ही तळमजल्यावरची खोली घेतो आहोत' हे उत्तर त्यांच्या जास्त उपयोगाचं आहे.

आणि एक गोष्ट मनाशी पक्की करा. ही माणसं तुमच्या गटाची सदस्य आहेत. त्यांनी तुमच्या बैठकांत गायलंय, वाद घातलेत, दुसऱ्यांचं लिखाण मन लावून ऐकलंय. तेव्हा 'बिचाऱ्यांसाठी काहीतरी करू या' हा सूर समितीत निघाला तर तिथल्या तिथे थांबवा. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ सालच्या करारात ३०वं कलम सांस्कृतिक जीवनात बरोबरीने सहभागी होण्याच्या हक्काचं आहे. रंगमंच, संग्रहालय, ग्रंथालय, सगळं त्यात येतं, आणि स्वतःची कला फुलवण्याचा हक्कही येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगातली सुमारे १६ टक्के माणसं, म्हणजे दर सहांतलं एक माणूस, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगतं. तुमच्या सभागृहात सहांतलं एक असं माणूस दिसत नसेल, तर बाकीची कुठे आहेत हा प्रश्न समितीला पडायलाच हवा.

आता त्या मुलीविषयी.

प्रत्यारोपण झालेल्या माणसाला शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं घ्यावी लागतात आणि बहुतेकांना ती आयुष्यभर चालू ठेवावी लागतात. त्यामुळे लशीचा परिणामही अशा माणसांवर अनेकदा कमी होतो. कर्करोगाचे काही उपचार चालू असलेल्यांची गत अशीच असते. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण धोका संपला असं तेव्हाही म्हटलं नव्हतं. आपल्यासाठी जो आठवडाभराचा ताप, तो तिच्यासाठी रुग्णालयाची वारी ठरू शकतो. ती मास्क लावून आली होती, म्हणजे एवढं असूनही यायचंच असं ठरवून आली होती. आणि तिला काय मिळालं, तर 'घाबरतेस होय?'

ते वाक्य बोलणाऱ्याशी तुम्ही एकांतात बोला. चारचौघांत त्याची हजेरी घेऊ नका, त्याने तो चिडेल आणि आणखी चार जण त्याच्या बाजूने उभे राहतील. मात्र मुलीशी बोलताना घडलेल्या प्रकाराला वळसा घालू नका. "त्या दिवशी तुला जे बोललं गेलं ते चुकीचं होतं, आणि मी तेव्हा मध्ये पडायला हवं होतं," एवढं सरळ सांगा. 'त्याच्या मनात तसं नव्हतं गं' हे शेपूट मागे जोडू नका. आणि पुढच्या प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एक वाक्य ठरवून टाका: कुणी मास्क लावला असेल तर त्याची चौकशी होणार नाही, थट्टा होणार नाही. हे दर वेळी म्हणा. एकदा म्हटलेलं लोक विसरतात, आणि नव्याने आलेल्याला तर ते माहीतच नसतं.

पण केवळ तिला मास्क लावू दिला म्हणजे झालं नाही. सगळा भार तिच्याच नाकातोंडावर टाकून बाकीच्यांनी बंद खोलीत गात बसायचं, हे काही बरोबर नाही. तुमचा गट गाणाऱ्यांचा आहे, म्हणून एक घटना सांगते. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली भागातल्या एका गायनवृंदाचा सराव झाला. ६१ जण जमले, अडीच तास गायले. त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढे ५३ जण आजारी पडले. काहींचं निदान चाचणीने पक्कं झालं, काहींचं लक्षणांवरून. दोघांचा मृत्यू झाला. हा विषाणू हवेतून किती सहज पसरतो, याचं हे पुढे वारंवार दिलं गेलेलं उदाहरण. गाताना, खणखणीत आवाजात वाचताना, मोठ्याने हसताना आपण साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त सूक्ष्म कण बाहेर सोडतो. म्हणजे जिथे रंगत जास्त, तिथेच हवा खेळती असण्याची गरजही जास्त.

यावर खर्चिक उपायच हवेत असं नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या आणि एका खिडकीत बाहेरच्या दिशेने वारा फेकणारा पंखा ठेवला तरी खोलीतली हवा भराभर बदलते. शक्य असेल तेव्हा अंगणात, व्हरांड्यात, गच्चीवर जमा. गच्ची घेताना मात्र जिना कुणाला अडवतो ते आधी बघा. मध्यंतर ठेवा आणि त्या वेळात खोली पूर्ण रिकामी करा. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळतं, ते कुणाकडून उसनं मिळालं तर जरूर आणा. बाहेरच्या हवेत आकडा साधारण ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतो. खोलीत तो ८०० च्या खाली राहिला तर हवा चांगली खेळते आहे असं धरतात. दीड तासाच्या बैठकीत तो आकडा कसा चढतो आणि खिडक्या उघडल्यावर कसा उतरतो, हे समितीतल्या शंकेखोर माणसाने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की मला इथे पानभर लिहावं लागणार नाही. हेपा गाळणीचं हवाशुद्धीकरण यंत्र असेल तर उत्तमच. ते ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतं. पण खोलीच्या मानाने पुरेशा ताकदीचं घ्या आणि गाण्यात त्याचा आवाज येतो म्हणून ते बंद करून ठेवू नका.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र वेगळाच आहे: अंगात कणकण असेल, घसा खवखवत असेल, तर घरी राहायची मुभा. ही मुभा तेव्हाच खरी, जेव्हा ज्याची वाचायची पाळी होती त्याला पुढच्या महिन्यात ती नक्की मिळते. नाहीतर माणूस खोकत खोकत येतोच. महिनाभर वाट पाहून आलेली संधी कोण सोडेल?

आता कमी ऐकू येणाऱ्या सदस्याविषयी. जवळपास प्रत्येक सभागृहात हा प्रसंग घडताना दिसतो. कुणीतरी वाचायला उठतं, ध्वनिक्षेपक हातात दिला जातो, तो बाजूला सारत ते माणूस म्हणतं, "मला माईकची गरज नाही, माझा आवाज खणखणीत आहे. मागे ऐकू येतंय ना?" मागचे दोघे-तिघे मान डोलावतात. ज्याला ऐकू आलं नाही त्याला प्रश्नही ऐकू आलेला नसतो, किंवा आला असला तरी भर सभेत हात वर करून 'मला नाही येत' म्हणायचं धैर्य त्याच्याकडे नसतं. मग तो उरलेला वेळ इतरांचे चेहरे बघून हसायच्या जागी हसतो. असे दोन तास काढून घरी गेलेला माणूस पुढच्या वेळी का यावा? ध्वनिक्षेपक वाचणाऱ्याच्या सोयीसाठी नसतो, ऐकणाऱ्यासाठी असतो. नियम करा: प्रत्येक जण माईकवरच बोलेल, श्रोत्यांतून प्रश्न विचारणाराही. प्रश्न विचारणाऱ्यापर्यंत माईक पोचत नसेल तर सूत्रसंचालकाने प्रश्न पुन्हा सांगायचा आणि मगच उत्तर. याला पैसे लागत नाहीत, शिस्त लागते, आणि पहिल्या दोन-तीन बैठकांत ती लावताना तुम्हाला थोडा वाईटपणा घ्यावा लागेल. तो घ्या.

त्या सदस्याला पडद्यावरची अक्षरं आवडली होती ना? मग ती सभागृहातही आणता येतात. बोललेलं लिहून दाखवणारी सोय आता बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते. फोन वक्त्याच्या जवळ ठेवायचा आणि त्याचा पडदा भिंतीवर किंवा टीव्हीवर दाखवायचा. मराठीत ही अक्षरं चुकतात, कवितेत तर फारच चुकतात. म्हणून वाचायचं लिखाण ज्यांनी आधीच लिहून आणलंय त्यांच्याकडून त्याची प्रत मागून घ्या, मोठ्या टाइपात छापा आणि हव्या त्याला द्या. कमी दिसणाऱ्यांनाही तीच प्रत उपयोगी पडते. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी काही सभागृहांत 'लूप' नावाची यंत्रणा असते, तिच्यामुळे माईकवरचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोचतो. तुमच्या सभागृहात ती आहे का हे व्यवस्थापकाला विचारा. कित्येकदा ती बसवलेली असते आणि चालू करायचं कुणाच्या ध्यानीच येत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडावर प्रकाश पडेल अशी बसण्याची जागा ठरवा, म्हणजे ओठ वाचणाऱ्यालाही आधार मिळेल. गटात सांकेतिक भाषा वापरणारं कुणी असेल तर दुभाषी लागतील, आणि लांबलचक बैठकीला एकटा पुरत नाही. साधारण वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलावी लागते, म्हणून दोघे बोलवावे लागतात. हा खर्च वर्षाच्या सुरुवातीलाच धरा. आयत्या वेळी धरायला गेलात तर तो कधीच परवडत नाही.

जागेबद्दल थोडक्यात. एक पायरी म्हणजे पायरी नसल्यासारखंच, असं आपल्याला वाटतं. चाकाच्या खुर्चीला ती भिंत असते. उताराचं सर्वसाधारण प्रमाण १ ला १२ असं धरतात, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या पायरीला १८० सेंटीमीटर लांबीची फळी. चार माणसांनी खुर्ची उचलून आत नेणं हा उपाय समजू नका. मोठ्या माणसाला असं उचलून नेण्यात त्याची शोभा होते आणि पडण्याची भीती असते ती वेगळीच. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, त्याचं दार पुरेसं रुंद आहे का, हे फोनवर विचारू नका, स्वतः जाऊन बघा. 'आहे' म्हणून सांगितलेलं स्वच्छतागृह कुलूपबंद किंवा सामानाने भरलेलं निघतं.

आता येते निमंत्रणावर. तुमच्या हातात आज, एक पैसाही खर्च न करता बदलता येईल अशी ही गोष्ट आहे. सध्या तुम्ही तारीख, वेळ, स्थळ आणि 'सर्वांचे स्वागत' एवढं पाठवत असणार. त्याऐवजी असं काहीतरी लिहा:

'सभागृह तळमजल्यावर आहे, प्रवेशाला एक पायरी आहे, तिथे फळी ठेवलेली असेल. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे, चाकाची खुर्ची आत जाते. बैठक दीड तासाची आहे, मध्ये १५ मिनिटांचं मध्यंतर आहे. सगळ्या खुर्च्यांना पाठ आहे, काही खुर्च्या दाराजवळ आणि काही खिडकीजवळ राखून ठेवल्या आहेत. खिडक्या उघड्या असतील. सगळे जण माईकवर बोलतील, भिंतीवर अक्षरं दिसतील, अक्षरांत चुका असू शकतात. मध्येच उठून जायला, परत यायला, आडवं व्हायला हरकत नाही. लहान मुलं आली तर चालतील. बरं नसेल तर घरी थांबा, तुमची पाळी पुढच्या वेळी राखून ठेवू. आणखी काही हवं असेल तर या व्यक्तीला फोन करा.' आणि खाली खरोखर फोन उचलणाऱ्या माणसाचा क्रमांक.

पाहा, यात मोठी सोय अशी फारशी काही नाही. पण हे वाचून घरी बसलेला माणूस हिशेब करू शकतो. 'मध्येच उठून जायला हरकत नाही' ही ओळ दीर्घकोविड असलेल्यांना किती हायसं वाटायला लावते, हे त्यांच्याशी बोलल्यावरच कळतं. संसर्ग होऊन तीन महिने उलटले तरी थकवा, धाप, विसरभोळेपणा अशी लक्षणं दोन महिने किंवा त्याहून जास्त टिकून राहतात, त्यांना दुसरं कारण सापडत नाही, अशी त्या दुखण्याची जागतिक आरोग्य संघटनेने केलेली व्याख्या आहे. बाहेरून काहीच दिसत नाही. काही जणांना तर एका संध्याकाळच्या श्रमाची किंमत पुढचे दोन दिवस अंथरुणात मोजावी लागते. स्वमग्न मुलांच्या पालकांनाही, ज्यांना गर्दीत घाबरल्यासारखं होतं त्यांनाही, ती ओळ तितकीच लागते. काही नाट्यगृहं तर मुद्दाम असे शिथिल प्रयोग ठेवतात. दिवे पूर्ण मालवत नाहीत, दणदणीत आवाज कमी करतात, ये-जा चालू देतात. तुमच्यासारख्या छोट्या गटाला त्यासाठी वेगळा प्रयोग लावायची गरज नाही, प्रत्येक बैठकच तशी होऊ शकते.

निमंत्रणात जे लिहाल ते मात्र पाळाच. फळी ठेवू म्हटलं आणि ती दुसऱ्या खोलीत कुलपात राहिली, तर ज्याने गाडीची व्यवस्था करून, औषधांच्या वेळा सांभाळून यायचं जमवलं होतं तो पायरीपाशी थांबून परत जाईल. त्यानंतर तुमच्या कुठल्याच निमंत्रणावर तो विश्वास ठेवणार नाही. म्हणून कमी लिहा, पण पक्कं लिहा. आणि फळी, माईक, खिडक्या यांची जबाबदारी एका माणसावर नाव घेऊन सोपवा. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही.

आता ऑनलाइनचा वाद. समितीची तक्रार मला अर्धी मान्य आहे. सभागृहाच्या कोपऱ्यात एक फोन उभा करून ठेवायचा आणि त्याला ऑनलाइन सोय म्हणायचं, यात कुणाचंच भलं होत नाही. घरून ऐकणाऱ्याला पाठी दिसतात, टाळ्या कर्कश ऐकू येतात, कविता ऐकू येत नाही, आणि तिथे कुणी आहे हे सभागृहातले अर्ध्या तासात विसरतात. आईजवळ बसून ऐकणाऱ्या तुमच्या त्या सदस्या बाईंना टाळेबंदीतल्या बैठकीत सगळ्यांइतकीच चौकट मिळत होती. आता त्यांना किल्लीच्या भोकातून बघायला लावायचं का?

तुमच्यासारख्या छोट्या गटाने दोन्ही एकाच वेळी करण्याचा अट्टहास धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्याआड एक बैठक पूर्ण ऑनलाइन करा. सगळे जण, अगदी अध्यक्षसुद्धा, आपापल्या घरून. ती दुय्यम समजू नका. चांगले पाहुणे, नवं लिखाण, वार्षिक निवड, सगळं सभागृहासाठी राखून ठेवायचं आणि उरलंसुरलं ऑनलाइन, असं झालं तर ते लोकांना लगेच कळतं. ऑनलाइन एकत्र गाणं जमत नाही, आवाज मागेपुढे पोचतात. पण एकट्याचं गाणं, वाचन, एखाद्या लिखाणावरची बारकाईची चर्चा तिथे उत्तम होते. संकोची माणसं तर लिहून बोलू शकतात. मग ज्या माध्यमाला जे शोभतं ते तिथे ठेवा. सभागृहातल्या बैठकीचं ध्वनिमुद्रण वाचणाऱ्यांच्या संमतीने करून गटाला पाठवा. आणि ज्या दिवशी दोन्ही एकत्र करावंच लागेल, त्या दिवशी एक माणूस फक्त घरून जोडलेल्यांसाठी नेमा. त्याने कार्यक्रमात दुसरं काही करायचं नाही. आवाज माईकमधून थेट संगणकाला द्यायचा, घरच्यांचे प्रश्न आधी घ्यायचे आणि त्यांच्यातल्या एकाला तरी त्या दिवशी वाचायला लावायचं.

'रंगत जाते' याबद्दल आणखी एक. रंगत जाते ती कुणाची, हे विचारायला हवं. जे खोलीत आहेत त्यांची थोडी जात असेलही. पण ती मुलगी गायची थांबली तेव्हा गटाची रंगत वाढली का? समितीतल्या कुणाला तिचं गाणं आठवतं का, एवढंच विचारून बघा.

पैशांचं म्हणाल तर वर लिहिलेल्यातलं बरंचसं फुकट आहे. उरलेल्यासाठी वर्गणीची ऐपतीप्रमाणे सोय करा, आणि कुणी किती दिले ते फक्त खजिनदाराला माहीत असू द्या. टाळेबंदीत कित्येकांची मिळकत गेली ती पूर्वपदावर आलेली नाही, आणि वर्गणी थकली म्हणून संकोचाने न येणारी माणसंही तुमच्या न दिसणाऱ्यांमध्ये असू शकतील. बैठकीची वेळही पुन्हा तपासा. कायम संध्याकाळी जमत असाल तर घरी कुणाची तरी शुश्रूषा करणाऱ्यांना, रात्रपाळीवाल्यांना ती कधीच जमणार नाही. कधीतरी सकाळी, कधीतरी सुट्टीच्या दुपारी ठेवून बघा.

शेवटी, हे सगळं तुम्ही एकट्याने अंगावर घेऊ नका, आणि समितीने त्या तिघांच्या वतीने ठरवूनही टाकू नये. 'आमच्याविषयी काही ठरवाल तर आमच्याशिवाय नको' ही अपंगांच्या हक्कांच्या चळवळीची जुनी घोषणा आहे. तिघांपैकी कुणाला समितीत यायचं असेल तर बोलवा, आणि समितीच्या बैठका ऑनलाइनच ठेवा म्हणजे त्यांना खरंच येता येईल. कुणाला यायचं नसेल तर आग्रह नको. स्वतःच्या दुखण्याविषयी इतरांना सतत समजावून सांगत राहणं हेही एक काम असतं, आणि त्यांना तुमच्या गटात गायचंय, वाचायचंय, ऐकायचंय.

पुढच्या बैठकीत समितीपुढे मोठं धोरण मांडू नका, ते चर्चेतच विरेल. तीन गोष्टींचा सहा महिन्यांसाठी ठराव मांडा: नवं निमंत्रण, सगळ्यांसाठी माईक आणि उघड्या खिडक्या, आणि महिन्याआड पूर्ण ऑनलाइन बैठक. सहा महिन्यांनी याचा उपयोग झाला की नाही हे हजेरीच्या आकड्यावरून ठरवू नका, ते त्या तिघांना फोन करून विचारा. तोवर पहिला फोन मात्र ठरावाची वाट न पाहता, याच आठवड्यात त्या मुलीला करा.